पाण्यातले देव

वन्सं, मधू गेला तेव्हा त्याचं डोकं तुमच्या मांडीवर होतं. माझ्या मांडीवर नव्हतं.

मी पलीकडच्या खोलीत होते आणि मधल्या दाराला तुम्ही आतून कडी घातली होती. कुसुम माझा पदर मुठीत धरून पडली होती. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. बाहेर लू चालली होती. खिडकीतला वाळ्याचा पडदा सुकून खडखडत होता, त्यावर पाणी मारायलाही कोणी उठलं नव्हतं. मी पदर सोडवून दाराशी आले. "वन्सं, कडी काढा." तुम्ही आतून म्हणालात, "तू तिच्यापाशी बस, द्वारके. हा माझ्याजवळ आहे." मी दार ठोठावलं. तुम्ही मग बोललाच नाहीत. कुसुम रडायला लागली म्हणून मी परत फिरले. कडी निघाली तेव्हा मधूचे डोळे मिटलेले होते, हात सरळ केलेले होते आणि तोंड ओल्या फडक्यानं पुसलेलं होतं. सहा वर्षांचं पोर. आईनं करावं असं काहीच तुम्ही शिल्लक ठेवलं नव्हतंत.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. तेराव्याला मंडळी जमली होती. जो तो उठून सांगत होता, ताई फार सात्त्विक, ताई फार शांत, देवावर केवढा भरवसा. एक म्हातारे म्हणाले, त्यांना आवाज चढवताना मी कधी ऐकलं नाही. ऐकलं नसेल. तुम्हाला आवाज चढवायची गरजच नव्हती. तुम्ही नुसत्या बसायचात, आणि तुम्हाला तिथून हलवणं कोणाच्या बापाला जमायचं नाही. याला सात्त्विक म्हणत नाहीत, हट्टी म्हणतात. सगळं आयुष्य मी भावजय म्हणून तुमच्यासोबत एका चुलीवर काढलं. मला विचारायचं. पण मला कोणी विचारलं नाही, म्हणून लिहिते. आणि तुम्हालाच लिहिते, कारण भांडण तुमच्याशी आहे.

ग्वाल्हेरचा दरबार गेला आणि मध्यभारत झालं, त्याच्या पुढचा तो उन्हाळा. ह्यांची नोकरी दरबारच्या फौजेच्या कचेरीत. आपल्या घरी आधी तलवार होती, मामंजींपासून लेखणी आली, पण खाल्लं ते फौजेचंच. ती फौज विलीन झाली आणि कचेरीतली अर्धी माणसं एकदम जास्तीची ठरली. कोणाला ठेवायचं, कोणाला घरी पाठवायचं, ते इंदूरला ठरणार होतं. नव्या सरकारनं राजधानी वाटून घेतली होती ना, उन्हाळ्यात इंदूर आणि थंडीत ग्वाल्हेर. दफ्तरं पोत्यांत बांधून ट्रकांनी गेली आणि दफ्तरांच्या मागे माणसं गेली. जाताना हे म्हणाले, "साहेबासमोर रोज दिसलं पाहिजे. जो दिसणार नाही त्याचं नाव जाईल." आपल्या लश्कर भागात तेव्हा घरोघरी हेच होतं. पुरुष इंदूरला आणि बायका टपालाच्या वाटेकडे डोळे लावून. संध्याकाळी फूलबागेत म्हातारे जमायचे आणि महाराजांचं राज्य असतं तर असं झालं नसतं म्हणायचे. त्यांचं बरं होतं, त्यांना पेन्शन होती.

घरात पाच जणं उरलो. सासूबाई, तुम्ही, मी आणि दोन पोरं. मधू मोठा, कुसुम धाकटी. तुम्ही ह्यांच्याहून थोरल्या, सोळाव्या वर्षी विधवा होऊन उज्जैनहून माहेरी परत आलेल्या. सासूबाई तुमची सख्खी आई, पण राग आला की त्याही म्हणायच्या, "तू दुसऱ्या घरची, या घरात तुझं काय?" मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. तुम्ही तेवढ्यात काहीतरी काम काढून आत जायचात.

आधी मधूला ताप आला, मग कुसुमला. उतरेना म्हटल्यावर तुम्ही टांगा आणवलात. मुरारला एक डॉक्टर होते, पूर्वी फौजेत होते, आता घरीच बसून लोकांना बघायचे. त्यांनी दोघांची पोटं दाबली, जिभा बघितल्या आणि मुदतीचा ताप ठरवला. म्हणाले, "मियादी बुख़ार है. मियाद पूरी होगी तभी उतरेगा."

मी विचारलं, "दवा?"

"मेरे पास इसकी दवा नहीं है, बाई. इंतज़ार कीजिए. अन्न का एक दाना नहीं देना. बुख़ार उतर जाए, तब भी दस-बारह रोज़ नहीं. आँत काग़ज़ जैसी हो जाती है. फट गई तो बच्चा गया."

बार्लीचं पाणी, मोसंबीचा रस, कपाळावर बर्फ. एवढं सांगितलं. टांग्यात मी रडत होते. तुम्ही टांगेवाल्याला म्हणालात, "भैया, छाँव छाँव से ले चलो," आणि मधूच्या डोक्यावर पदर धरून बसलात.

घरी आल्यावर मी म्हटलं, "ह्यांना तार करते."

"करू नकोस."

"वन्सं, मुलं ह्यांची आहेत."

"म्हणूनच नको. तो आला तर नोकरी जाईल. ताप जाणार नाही."

"आणि काही बरंवाईट झालं म्हणजे?"

"व्हायचं असेल तर तो इथं असूनही होईल."

असं तोंडावर बोलणं तुम्हालाच जमायचं. मी म्हटलं, तुमच्या काळजाला घट्टे पडलेत. तुम्ही म्हणालात, "पडलेत. आता सांग, हजीऱ्याच्या कारखान्यातून बर्फ आणायला कोण जातंय, तू की मी?"

तुम्हीच गेलात. रोज तुम्हीच गेलात. लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा पोत्यात घालून, भर उन्हात, पांढऱ्या लुगड्यातली एकटी बाई. घरी पोचेपर्यंत त्यातला निम्मा रस्त्यात सांडलेला असायचा. लुगडं एका बाजूनं ओलं आणि चेहरा काळाठिक्कर. ते मी विसरलेले नाही. भांडण भांडणाच्या जागी आहे.

डॉक्टरकडून आलो त्याच संध्याकाळी सासूबाईंनी देव पाण्यात घातले. देवघरातले सगळे, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, पितळेच्या पातेल्यात बुडवले आणि वर ताट झाकलं. पोरं उठून बसेपर्यंत देव पाण्यात. देवाचा जीव गुदमरला की तो धावून येईल. आपल्या लोकांत हे पूर्वीपासून आहे, माझ्या माहेरीही होतं. मीही पातेल्यासमोर डोकं टेकलं. तुम्ही दारात उभ्या होतात. म्हणालात, "आई, तो काय मामलेदार आहे? कोंडून ठेवला की सही करील?"

सासूबाईंनी मागं वळूनही बघितलं नाही. "जिचा नवरा देवानं राखला नाही, तिनं मला देव शिकवू नये."

तुम्ही आत आलात आणि मधूची उशी उलटी केलीत, थंड बाजू वर.

दुसऱ्या दिवशी पोरांना पुसून काढताना तुम्ही मला उज्जैनचं सांगितलंत. त्याआधी कधी सांगितलं नव्हतं आणि नंतरही नाही. तुमचे मालक आजारी पडले तेव्हा तुमच्या सासरी देव पाण्यात घातले होते. ते गेले. रडारड झाली, सुतक लागलं, पातेलं तसंच कोपऱ्यात राहिलं. सुतक फिटल्यावर कोणाला तरी आठवण झाली. ताट उचललं तर पाण्याला वास येत होता आणि देवांवर हिरवट बुळबुळीत थर बसला होता. तुम्ही तो राखेनं घासून काढलात.

"मला देवाची कीव आली, द्वारके," तुम्ही म्हणालात. "आपणच त्याला बुडवला आणि आपणच विसरलो. तेव्हापासून मी त्याला कामाला लावत नाही. बसते."

"बसून काय करता? जप?"

"नाही."

"मग?"

"त्याला माहीत आहे मी इथं बसलेय."

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पटलेलं नाही. पण बसायचात कशा, ते मी बघितलं. मी दर घटकेला उठायची, कपाळाला हात लावायची, थर्मामीटर झटकायची, दारात जाऊन टपालवाला दिसतो का बघायची, देवाला नवस बोलायची आणि मग त्यालाच शिव्या द्यायची. तुम्ही दोन अंथरुणांच्या मधे मांडी घालून. हात मांडीत. ओठ हलायचे नाहीत. पोरानं कूस बदलली की तुमचा हात जायचा आणि परत यायचा. मला तुमचा राग यायचा. वाटायचं, या बाईला पोर नाही, म्हणून हिला बसता येतं.

मधूचा ताप एका सकाळी उतरला. अंग गार लागलं, घाम आला, डोळे स्वच्छ. तुम्ही डॉक्टरांना सांगायला म्हणून मुरारला गेलात. जाताना मला म्हणालात, "अजून मियाद सरली नाही. कोणी काही देऊ नका." मी हो म्हटलं आणि कुसुमपाशी जरा आडवी झाले. किती दिवसांनी पाठ टेकली होती. मेल्यासारखी झोप लागली.

तुपाच्या वासानं जाग आली.

सासूबाईंनी देव बाहेर काढले होते. एक पोर उठून बसलं, एवढं त्यांना पुरलं. पुसून, गंध लावून, फुलं वाहून, जागेवर मांडून, शिरा-पुरीचा नैवेद्य केला होता. संकट टळलं म्हणजे नैवेद्य करायचा आणि ज्याच्यासाठी देव पाण्यात बसले त्याला पहिला प्रसाद द्यायचा, हीच रीत. मी आले तेव्हा मधू उशीला टेकून बसला होता. तोंड तुपानं चमकत होतं. पुढ्यात वाटी रिकामी. हसला माझ्याकडे बघून. "आई, अजून एक पुरी दे ना. आजी उद्या देते म्हणते."

मी ओरडले, "सासूबाई! अन्नाचा दाणा नको म्हणाले होते डॉक्टर!"

"अन्न कुठं दिलं मी? हा प्रसाद आहे. देवानं खाल्लेलं बाधत नाही."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना तसंच वाटत होतं. डॉक्टरचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं आणि पाळलंही होतं. त्यांच्या हिशेबात अन्न वेगळं आणि प्रसाद वेगळा.

तुम्ही दुपारी आलात. वाटी अजून तिथंच होती. तुम्ही वाटीकडे बघितलंत, मग तुमच्या आईकडे. मी वाट बघत होते की आता तरी तुम्ही बोलाल. तुम्ही वाटी उचललीत, मोरीत नेलीत, घासलीत आणि पालथी घातलीत.

मधूचं पोट दुसऱ्या दिवशीच दुखायला लागलं. आधी कळ यायची आणि जायची, मग जायची थांबली. पोट ढोलकीसारखं ताठ झालं. डॉक्टर मुरारहून टांग्यानं आले, हात लावला आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. तुम्ही मागून गेलात. काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. आत आलात तेव्हा म्हणालात, "कुसुमला पलीकडे घेऊन जा. तिला याचं ओरडणं ऐकवू नकोस. तिचा ताप अजून चढता आहे." मी उचलून घेऊन गेले. तुम्ही मागून कडी घातलीत. सासूबाईंनी देव पुन्हा पाण्यात घातले. झाकायचं ताट हातून खाली पडलं आणि किती वेळ फिरत राहिलं.

पुढचं वर लिहिलंच आहे.

शेजारच्यांनी नेलं त्याला. बाप नव्हता तिथं. आता तार करायला तुम्हीच सांगितलंत.

घराला सुतक लागलं. देव पातेल्यात, ताटाखाली, आणि सुतकातल्या माणसानं देवाला हात लावायचा नाही. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पलीकडे कुसुम तापात बडबडत होती. तुम्ही डोक्यावरून पाणी घेऊन ओलेत्यानं आलात आणि ताट उचललंत.

सासूबाई उठून बसल्या. "सुतकात देवाला शिवतेस?"

"मला तुमचं सुतक कुठलं? मी दुसऱ्या घरची. जन्मभर हेच सांगत आलात."

"तुलाही तीन दिवसांचं असतं."

"असू दे. माझं मी बघेन."

एकेक देव काढलात. पुसलात. देवघरात मांडलात. फूल नाही, गंध नाही, दिवा नाही. पातेल्यातलं पाणी अंगणात ओतून आलात. मग आईच्या समोर उभ्या राहिलात. "आई, आता त्याला त्याच्या जागी बसू द्या. आपण आपल्या जागी बसू. कुसुमला कोणी काही द्यायचं नाही. प्रसादसुद्धा नाही."

सासूबाईंनी तुमच्याकडे बघितलं. त्यांना मार बसला असता तर बरं वाटलं असतं. तुम्ही तोही दिला नाहीत.

मी दिला. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तुम्ही माझ्या तोंडावर हात ठेवलात तेव्हा थांबले.

कुसुमचा ताप उतरला, पण खरी लढाई त्यानंतर. ताप असताना पोर खायला मागत नाही. ताप उतरला की भुकेनं वेडं होतं. हाडांवर कातडं राहिलेलं, डोळे मोठे झालेले आणि सारखं एकच, काहीतरी द्या. मधू इंदूरला बाबांकडे गेला असं आपण तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "मधूनं पुरी खाल्ली म्हणून बरा झाला. मला पण द्या. मी पण इंदूरला जाते."

मी तिथून उठून गेले. तुम्ही बसून होतात. मी बाहेरून ऐकलं, तुम्ही तिला म्हणालात, "तू नाही जायचंस. तू माझ्यापाशी बसायचंस."

"किती वेळ?"

"मी सांगीन तोवर."

सुतकात चूल बंद, शेजारून डबा यायचा. एका दुपारी मी त्यातली पोळी काढली, दुधात कुस्करली आणि वाटी घेऊन निघाले. दारात तुम्ही. उंबऱ्यावरच बसला होतात, एका चौकटीला पाठ आणि दुसरीला पाय.

"वन्सं, सरका."

"नाही."

"एक घास. ती मरेल भुकेनं."

"भुकेनं नाही मरणार."

"मी आई आहे तिची."

"आई आहेस म्हणूनच तुझ्या हातून वाढू देणार नाही."

मी ती वाटी तुमच्या अंगावर फेकली. लुगड्यावर दूध सांडलं. तुम्ही उठला नाहीत. कुसुम जे प्यायची तेवढंच तुम्ही प्यायचात, बार्लीचं पाणी आणि मोसंबीचा रस. तेही मला उशिरा कळलं, तुम्हाला उभं राहताना भिंत धरावी लागली तेव्हा. मग एके दिवशी तुम्ही स्वतः उठून भाताची पेज केलीत, गाळलीत, गार केलीत आणि चमच्यानं तिला पाजलीत. तिनं चमचा दातांत धरून ठेवला. सोडेना. त्या उन्हाळ्यात मी तुम्हाला पहिल्यांदा हसताना बघितलं ते त्या दिवशी. आणि मला ते हसणंही सहन झालं नाही.

रजा मिळून हे आले ते दहाव्याला. दाढी वाढलेली, इंदूरची धूळ अंगावर. ओट्यावरच बसले. तुम्ही पाणी नेऊन दिलंत.

"ताई, मला विचारलंसुद्धा नाहीस तू."

"नाही विचारलं."

बहीण-भावात या विषयावर एवढंच बोलणं झालं. तेराव्यानंतर हे परत गेले. नाव राहिलं होतं. पुढे राजधानी उचलून भोपाळला नेली तेव्हा आपल्या ओळखीची पुष्कळ माणसं उघड्यावर पडली. हे त्या नोकरीवर भोपाळला गेले आणि तिथूनच पेन्शनीत आले. कुसुम त्याच नोकरीवर शिकली, मास्तरीण झाली. ही गोष्ट तुमच्या बाजूला धरावी लागते. मी ती धरते, पण मनापासून नाही. मधूनं बापाला एकदा बघितलं असतं तर काय झालं असतं, हेही धरावं लागतं.

मला सगळ्यात जास्त डाचलं ते वेगळंच. मी सासूबाईंशी त्यांच्या मरणापर्यंत धड बोलले नाही. तुम्ही मात्र रोज त्यांचे पाय चेपायचात. एकदा तरी बोलून दाखवायचं. एकदा तरी. मी म्हणायचे, "वन्सं, तुमच्या आईनं माझा मुलगा मारला आणि तुम्ही तिला तेल लावता." तुम्ही म्हणायचात, "तिचं तिला माहीत आहे." मला वाटायचं, ही आईची बाजू घेते. रक्त शेवटी रक्ताकडे जातं.

आणि दुसरं मी कधी विचारलंच नाही. कडीच्या आत काय झालं, हे.

यंदा तुम्ही मोरीत पडलात आणि परत उठला नाहीत. कुसुम शाळा सुटली की येऊन बसायची. तिची मुलगी तुमच्या तोंडापाशी चमचा धरून सांगायची, "आत्याआजी, थोड़ा सा दलिया खा लो ना, प्लीज़." तुम्ही तोंड फिरवायचात. डॉक्टर म्हणाले दिल्लीला न्या. तुम्ही मान हलवलीत, नाही. कुसुम चिडली. "तुम्ही नुसत्या पडून राहणार का?" तुम्ही म्हणालात, "हो."

एका दुपारी आपण दोघीच होतो. मला माहीत होतं की आता दिवस थोडे आहेत. मी म्हटलं, "वन्सं, मधू शेवटी काही बोलला का?"

तुम्ही डोळे उघडलेत.  

"पुरी मागत होता," तुम्ही म्हणालात.

मी तुमचं पांघरूण सारखं केलं.

"सारखा तेच. म्हणून कडी घातली. तू ऐकलं असतंस तर..." तुम्हाला धाप लागली. मी पाणी पाजलं. "डॉक्टर म्हणाले होते, थोडाच वेळ आहे. थांबायचं ते कशासाठी, ते राहिलंच नव्हतं. फडताळात नैवेद्याची एक उरली होती."

"दिलीत?"

"दिली. तोंडात धरली त्यानं. गिळवली नाही."

मग तुम्ही म्हणालात, "आईला काय बोलणार होते मी? तिनं दिली ती तो जगावा म्हणून."

मी बसून राहिले. इतकी वर्षं मी तुमच्यावर जे रचून ठेवलं होतं, ते कुठं ठेवावं ते कळेना. रडू आलं नाही. मी विचारलं, "तेव्हा तुमचा भरवसा कुठं होता?"

"तिथंच होता."

"आणि तो वाचला नाही तरी?"

"द्वारके, मी वाचव म्हणून नव्हते बसले." तुम्ही पुन्हा धाप लागून थांबलात. "मी उठून गेले नाही, एवढंच. देवही उठून गेला नाही, असं मी धरून चालले."

"धरून चाललात? माहीत नव्हतं?"

"नाही. कोणाला माहीत असतं?"

तेराव्याला बोलणाऱ्यांना हे सांगायला हवं होतं. त्यांना वाटतं तुमच्या आत काही समई तेवत होती. तुम्ही अंधारातच बसला होतात, माझ्यासारख्याच. मी येरझाऱ्या घालत होते आणि तुम्ही बसला होतात, एवढाच फरक होता. आणि बसलेल्या माणसामुळे एक पोर वाचलं, हे मला नाकारता येत नाही. त्याच बसलेल्या माणसानं माझ्या मुलाचा शेवट माझ्यापासून काढून घेतला, हेही मला सोडता येत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असतात, दोन्ही ठेव.

देवांची पूजा आता मी करते. रोज पुसते, गंध लावते, जागेवर ठेवते. काही मागत नाही. मागणं मी त्या उन्हाळ्यातच सोडलं. तुम्ही याला भरवसा म्हणायचात. मी म्हणायचे, वन्सं, याला दमणं म्हणतात. तुम्ही म्हणायचात, दमल्यावरच माणूस खाली बसतं. 

मधूबद्दल कुसुमला मी परवा सगळं सांगितलं. कडीच्या आतलंही. तिनं ऐकून घेतलं. तिला काही आठवत नाही म्हणाली, फक्त कोणीतरी उंबऱ्यावर आडवं बसलं होतं आणि पलीकडून अन्नाचा वास येत होता, तेवढं आठवतं.

त्या उन्हाळ्यात त्या घरात पाच जणं होतो. मधू गेला. सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या आणि झोपेत गेल्या. तुम्ही गेल्या महिन्यात गेलात. कुसुम आहे. मी आहे.